विजेची मालमोटार जुनी होते तेव्हां
(नभोवाणीवरील भाषण)

आपल्या घरांतील बहुतेक वस्तु अशा असतात कीं, त्या विकत घेतल्या त्या दिवशीं त्यांची जी किंमत असते ती पुढें कधींच येत नाहीं. सोनें आणि जमीन हे दोन नेहमींचे अपवाद सोडले, तर कपाट असो, शिवणयंत्र असो कीं मोटार असो, दुकानाचा उंबरठा ओलांडतांच ती वस्तु 'वापरलेली' ठरते आणि तिचा भाव उतरूं लागतो. या उतरण्याला हिशेबाच्या भाषेंत घसारा म्हणतात. हा शब्द ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें झीज उभी राहते : घासलेले टायर, गंजलेला पत्रा, खडखडणारें यंत्र. परंतु आज मी ज्या वस्तूविषयीं बोलणार आहें तिच्या बाबतींत प्रकार निराळा घडला आहे. तेथें झीज थोडी आणि घसारा फार, असा अनुभव आला. ती वस्तु म्हणजे अमेरिकेंतील विजेवर चालणारी पिकअप मालमोटार. ही तफावत कां पडली, त्यांत कोणाचें नुकसान झालें आणि कोणाचा फायदा झाला, हें आपण क्रमानें पाहूं.

पिकअप म्हणजे पुढें चारपांच माणसांची बंद जागा आणि मागें उघडा हौदा असलेली गाडी. आपल्याकडे अशी गाडी बहुधा भाजीपाला किंवा सिमेंटचीं पोतीं वाहते. अमेरिकेंत मात्र ती घरगुती वाहनहि आहे आणि धंद्याचें साधनहि आहे. शेतकरी तिच्यांतून गवताच्या पेंढ्या नेतो, सुतार आपलीं हत्यारें नेतो, आणि रविवारीं तीच गाडी मागें नौका जोडून तळ्याकडे निघते. फोर्ड कंपनीच्या 'एफ' मालिकेंतील पिकअप गाड्या १९७७ सालापासून त्या देशांत सर्वांत अधिक खपणाऱ्या मालमोटारी ठरत आल्या आहेत, एवढ्यावरून या वाहनाचें तेथील जीवनांतील स्थान ध्यानांत येईल.

आतां घसाऱ्याकडे वळूं. घसारा दोन प्रकारचा असतो. एक हिशेबनिसाचा आणि दुसरा बाजाराचा. हिशेबनीस दरसाल ठराविक दरानें वहीमध्यें किंमत कमी करीत जातो. त्याला गाडीकडे पाहावेंहि लागत नाहीं. बाजाराचा घसारा तसा नाहीं. गाडी विकावयास काढल्यावर समोरचा माणूस जी रक्कम देण्यास तयार होतो, ती मूळ किंमतींतून वजा केली म्हणजे जी वजाबाकी उरते तोच खरा घसारा. या वजाबाकीला तीन कारणें असतात. पहिलें कारण झीज. दुसरें कारण असें कीं, त्याच कामाची अधिक चांगली वस्तु बाजारांत येते. आणि तिसरें कारण म्हणजे तीच वस्तु नवी असतांनाच स्वस्त होते. सामान्य माणसाचें लक्ष पहिल्या कारणावर खिळलेलें असतें. विजेच्या मालमोटारीची गोष्ट मात्र मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणांची आहे.

कांहीं आंकडे घेऊं. मोटारींच्या खरेदीविक्रीची माहिती गोळा करणाऱ्या 'आयसीकार्स' या अमेरिकन कंपनीनें २०२५ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. तींत असें दिसलें कीं, पांच वर्षांत सर्व प्रकारच्या मोटारींची किंमत सरासरीनें शेकडा ४५.६ इतकी घटली. मालमोटारींची घट त्याहून कमी, म्हणजे शेकडा ४०.४ होती, आणि विजेच्या मोटारींची घट सर्वांत अधिक, म्हणजे शेकडा ५८.८ होती. आतां गंमत पाहा. पिकअप हा वर्ग किंमत टिकविण्याबद्दल प्रसिद्ध, आणि विजेची मोटार हा वर्ग किंमत गमाविण्याबद्दल प्रसिद्ध. विजेवरील पिकअप ही या दोन कुळांची संतति. तिनें कोणाचा गुण उचलावा ? पहिल्या गिऱ्हाइकांची अपेक्षा अशी होती कीं, ती मालमोटारीच्या वळणावर जाईल. बाजारानें तिला विजेच्या मोटारींच्या पंक्तीला बसविलें.

असें कां झालें तें समजण्यासाठीं या गाड्यांच्या नव्या किंमतींचा इतिहास पाहिला पाहिजे. नव्या युगांतील विजेच्या पिकअपचा आरंभ २०२१ च्या सप्टेंबरांत झाला. त्या महिन्यांत इलिनॉय संस्थानांतील नॉर्मल या गांवीं रिव्हियन कंपनीच्या कारखान्यांतून 'आर-वन-टी' ही गाडी बाहेर पडली. त्यापूर्वीं मे २०२१ मध्यें फोर्ड कंपनीनें आपल्या लोकप्रिय गाडीची विजेवरील आवृत्ति जाहीर केली होती. तिचें नांव 'एफ-१५० लाइटनिंग'. सर्वांत साध्या नमुन्याची किंमत ३९,९७४ डॉलर सांगण्यांत आली, आणि मागण्यांचा पाऊस पडला. गाड्या २०२२ सालीं हातांत पडूं लागल्या. पण त्याच सुमारास बॅटरीसाठीं लागणाऱ्या लिथियमसारख्या द्रव्यांचे भाव कडाडले होते. कंपनीनें किंमत टप्प्याटप्प्यानें वाढवीत नेली. मार्च २०२३ मध्यें त्याच साध्या नमुन्याची किंमत ५९,९७४ डॉलर झाली, म्हणजे दोन वर्षांच्या आंत बरोबर वीस हजार डॉलरांची वाढ.

यानंतर वारें फिरलें. लिथियमचा भाव २०२२ च्या अखेरीस शिखरावर होता; पुढील सवा वर्षांत तो शेकडा ऐंशीच्या आसपास कोसळला. बॅटरीच्या किंमतींची नोंद ठेवणाऱ्या 'ब्लूमबर्ग-एन-ई-एफ' या संस्थेच्या पाहणीप्रमाणें एक किलोवॅट-तास वीज साठविणाऱ्या बॅटरीची जागतिक सरासरी किंमत २०२३ सालीं १३९ डॉलर होती, ती २०२४ सालीं ११५ डॉलरांवर आली. इकडे टेस्ला कंपनीनें जानेवारी २०२३ मध्यें आपल्या मोटारींच्या किंमती एकाएकीं खालीं आणल्या होत्या, आणि इतरांनाहि तोच मार्ग धरणें भाग पडलें. १७ जुलै २०२३ रोजीं फोर्डनें लाइटनिंगच्या साध्या नमुन्याची किंमत ४९,९९५ डॉलर केली.

ही तारीख ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आदल्या आठवड्यांत ज्यानें ५९,९७४ डॉलर मोजून गाडी घरीं आणली होती, त्याची त्या सकाळची स्थिति काय झाली ? गाडीचा एक खिळा ढिला झाला नव्हता; चाकावरील रबर घासलें नव्हतें; बॅटरी जशीच्या तशी होती. तरी ९,९७९ डॉलर एका रात्रींत नाहींसे झाले. कारण वापरलेल्या वस्तूच्या किंमतीचें माप नव्या वस्तूच्या किंमतीवरून काढतात. शेजारच्या दुकानांत कोरी गाडी पन्नास हजारांस मिळत असतां वापरलेल्या गाडीला पंचावन्न हजार कोण देईल ? धरणाचें पाणी उतरलें म्हणजे त्यांतील सगळ्याच होड्या खालीं जातात; कोणती जुनी आणि कोणती नवी हें पाणी पाहत नाहीं. मोठ्या भांडवलाच्या व्यापाऱ्यांसहि हा फटका चुकला नाहीं. मोटारी भाड्यानें देणाऱ्या 'हर्ट्झ' या कंपनीनें जानेवारी २०२४ मध्यें आपल्या सुमारें २०,००० विजेच्या मोटारी विकून टाकण्याचें ठरविलें आणि त्यापायीं सुमारें साडेचोवीस कोटी डॉलरांचें नुकसान आपल्या हिशेबांत दाखविलें. त्यांत पिकअप नव्हे तर साध्या मोटारी होत्या, पण कारण तेंच : घसारा आणि दुरुस्तीचा खर्च.

किंमतीच्या या पाण्याला सरकारी सवलतीनेंहि हात लावला. अमेरिकन काँग्रेसनें २०२२ च्या ऑगस्टमध्यें केलेल्या कायद्यानें, १ जानेवारी २०२३ पासून, ठराविक अटी पुऱ्या करणाऱ्या नव्या विजेच्या गाडीवर ७,५०० डॉलरपर्यंत करसवलत मिळूं लागली. पिकअपच्या बाबतींत गाडीची छापील किंमत ८०,००० डॉलरांच्या आंत असली पाहिजे, अशी एक अट होती. गिऱ्हाइकाच्या उत्पन्नावरहि मर्यादा होती. आतां, नवी गाडी घेणारास सरकारकडून साडेसात हजार मिळत असतील, तर जुनी गाडी विकणारास आपल्या किंमतींतून तेवढे साडेसात हजार आधींच सोडून द्यावे लागतात. वापरलेल्या गाडीसाठीं स्वतंत्र सवलत होती खरी, पण ती जास्तींत जास्त ४,००० डॉलर, आणि तीहि गाडीची किंमत २५,००० डॉलरांच्या आंत असली तरच. पिकअप गाड्या एवढ्या स्वस्त क्वचितच मिळत, म्हणून त्यांच्या वाट्याला ती फारशी आली नाहीं. ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांसाठीं या दोन्ही सवलती बंद झाल्या.

येथें एक हिशेबाची चूक पुष्कळ लोक करतात, ती दाखविणें अवश्य आहे. समजा, एका गाडीची छापील किंमत ७०,००० डॉलर होती आणि दोन वर्षांनीं ती ३८,५०० डॉलरांस गेली. वर्तमानपत्रांत मथळा येईल : "दोन वर्षांत शेकडा ४५ घट." पण त्या मालकास ७,५०० डॉलर सवलत मिळाली असेल, तर त्यानें खरोखर दिले ६२,५०० डॉलर. त्याचें नुकसान ३१,५०० नव्हे, तर २४,००० डॉलर आहे. म्हणजे शेकडा ३८ हून थोडें अधिक. तेव्हां घसाऱ्याचा आंकडा वाचतांना तो छापील किंमतीवर काढला आहे कीं खिशांतून गेलेल्या पैशांवर, हें प्रथम विचारावें. आणखी एक गोष्ट. २०२१ व २०२२ या सालीं विद्युत्‌चकत्यांच्या टंचाईमुळें नव्या मोटारी मिळत नव्हत्या आणि जुन्यांचे भाव अस्मानाला भिडले होते. जानेवारी २०२२ मध्यें अमेरिकेंतील जुन्या मोटारींचा भाव-निर्देशांक एका वर्षांत शेकडा चाळीस वाढलेला होता. त्या शिखरावरून मोजलेली उतरण अर्थातच खोल दिसते.

आतां झिजेच्या प्रश्नाकडे येऊं, कारण गिऱ्हाइकाच्या मनांतील मोठी भीति तीच आहे. "बॅटरी संपली म्हणजे काय ?" असा प्रश्न जो तो विचारतो. या भीतीला पूर्वानुभवाचा आधार आहे. फोर्ड कंपनीनें १९९८ ते २००२ या काळांत 'रेंजर' नांवाच्या लहान पिकअपची विजेवरील आवृत्ति काढली होती. तिच्या आरंभींच्या गाड्यांत शिशाची बॅटरी असे. तिचा पल्ला तोकडा आणि आयुष्यहि तोकडें. हातांतल्या टेलिफोनची बॅटरी दोनतीन वर्षांत मंदावते, हा तर आपणां सर्वांचा अनुभव. यावरून लोक अनुमान काढतात कीं, मोटारीचेंहि तसेंच होणार.

पण मोटारींतील लिथियमच्या बॅटरीला थंड व उबदार ठेवण्याची स्वतंत्र योजना असते, आणि ती अगदीं रिकामी किंवा अगदीं तुडुंब होऊं नये म्हणून कांहीं भाग राखून ठेवलेला असतो. हजारों वाहनांच्या नोंदी तपासून जे अभ्यास झाले आहेत, त्यांत वर्षाला सरासरी शेकडा दोनच्या आसपास शक्ति कमी होते, असें आढळलें आहे. या हिशेबानें ३२० मैल, म्हणजे सुमारें ५१५ किलोमीटर पल्ल्याची गाडी पांच वर्षांनीं २९० मैलांच्या घरांत राहील. शिवाय कंपन्यांची हमी असते. फोर्डनें लाइटनिंगच्या बॅटरीस आठ वर्षें किंवा एक लाख मैल, यांत जें आधीं पुरें होईल तेथवर, शेकडा ७० शक्ति राहण्याची हमी दिली; आणि ही हमी गाडीबरोबर पुढील मालकाकडे जाते. भीति अगदींच निराधार आहे असें मात्र नाहीं. लाइटनिंगची मोठी बॅटरी १३१ किलोवॅट-तासांची आहे. वर सांगितलेल्या ११५ डॉलरांच्या दरानें नुसत्या घाऊक मालाची किंमतच १५,००० डॉलरांवर जाते, आणि दुरुस्तीच्या दुकानांतील खर्च याहून पुष्कळच अधिक. म्हणजे संकट दुर्मिळ, पण आलेंच तर मोठें. अशा संकटाची किंमत बाजार नेहमींच फुगवून धरतो. आणि विकणाराच्या हातीं कमी पैसे पडतात.

यापेक्षां अधिक वजनदार कारण आहे तें गाडीच्या कामाचें. पिकअप घेणारा मनुष्य ती पुष्कळदां ओढण्यासाठीं घेतो : घोड्यांची पेटी, नौका, फिरतें घर. उंच चौकोनी ट्रेलर मागें जोडला कीं वाऱ्याचा अडथळा अतिशय वाढतो आणि विजेच्या पिकअपचा पल्ला सुमारें निम्म्यावर येतो. पेट्रोलच्या गाडीचेंहि तेल अशा वेळीं दुपटीच्या घरांत जळतें. पण तिची टांकी पांच मिनिटांत भरते आणि पंप जागोजाग आहेत. विजेच्या गाडीस दीडशें मैलांवर थांबावें लागतें, पुष्कळ ठिकाणीं ट्रेलर सोडून बाजूस ठेवावा लागतो, आणि पाऊण तास वाट पाहावी लागते. उत्तरेकडील कडक थंडींत पल्ला आणखी घटतो. परिणाम असा कीं, जुन्या पिकअपच्या बाजारांतील जें नेहमींचें गिऱ्हाईक, म्हणजे लांबवर ओझें ओढणारा शेतकरी आणि ठेकेदार, तें या गाडीकडे वळलेंच नाहीं. ज्यांनीं हौसेनें नवी गाडी घेतली ते निराळे लोक होते. आणि हौशी लोक जुनी वस्तु सहसा घेत नाहींत. गाडी तशीच राहिली, पण तिला विचारणारीं माणसें कमी झालीं.

हौस आणि टंचाई यांचा खेळ किती फसवा असतो, याचें उदाहरण टेस्लाच्या 'सायबरट्रक'चें आहे. २१ नोव्हेंबर २०१९ रोजीं ही पोलादी कोनाकोनांची गाडी दाखविण्यांत आली तेव्हां तिची आरंभींची किंमत ३९,९०० डॉलर सांगितली होती. ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं पहिल्या गाड्या गिऱ्हाइकांच्या हातीं आल्या, तेव्हां चारी चाकांना गति देणाऱ्या नमुन्याची किंमत ७९,९९० डॉलर झाली होती, आणि पहिल्या खास आवृत्तीसाठीं आणखी वीस हजार मोजावे लागत. नफ्यासाठीं कोणी लगेच विकूं नये म्हणून, पहिल्या वर्षांत परस्पर विक्री केल्यास ५०,००० डॉलर दंडाचें कलमहि कांहीं करारांत होतें. इतकें असूनहि २०२४ च्या आरंभीं कांहीं गाड्या लिलावांत मूळ किंमतीच्या दुपटीहून अधिक भावानें गेल्या. ज्यानें त्या वेळीं विकली त्याला घसारा नव्हे, उलट नफा मिळाला. पण गाड्या मुबलक मिळूं लागतांच हें तेज ओसरलें. मे २०२५ च्या सुमारास कंपनी स्वतःच या गाड्या बदल्यांत परत घेऊं लागली, तेव्हां एक लाख डॉलरांस घेतलेल्या, जेमतेम सहा हजार मैल चाललेल्या गाडीस सुमारें ६५,००० डॉलर देऊं केल्याचीं उदाहरणें प्रसिद्ध झालीं. टंचाईनें दिलेली किंमत टंचाईबरोबरच जाते.

श्रोतेहो, एवढा वेळ आपण आंकडे पाहिले. पण हे आंकडे ज्याच्या घरांत शिरतात त्या माणसाकडेहि एकदां पाहिलें पाहिजे. अमेरिकेंत गाडी बहुधा कर्ज काढून घेतात. समजा, एका गृहस्थानें ७०,००० डॉलरांची विजेची पिकअप घेतली. ७,००० रोख दिले आणि ६३,००० डॉलरांचें कर्ज दरसाल शेकडा ७ व्याजानें सहा वर्षांसाठीं काढलें. त्याचा मासिक हप्ता सुमारें १,०७४ डॉलर येतो. दोन वर्षें तो हप्ते चुकवीत नाहीं. तरी चोवीस हप्ते दिल्यावर त्याच्या डोक्यावर सुमारें ४४,८५० डॉलर शिल्लक राहतात. याच वेळीं गाडीचा बाजारभाव ३८,५०० वर आला असेल, तर गाडी विकूनहि कर्ज फिटत नाहीं. वर ६,३५० डॉलर पदरचे घालावे लागतात. नोकरी सुटली, घरांत दुखणें आलें किंवा अपघातांत गाडी निकामी झाली, तर हा खड्डा एकदम उघडा पडतो. विमा कंपनी बाजारभाव देते. कर्ज देणारी पेढी मात्र आपली बाकी मागते. घसारा हा वहींतील आंकडा आहे तोंवर तो कोणाला टोचत नाहीं. ज्या दिवशीं गाडी विकणें भाग पडतें त्या दिवशीं तो टोचतो.

यावर कोणी म्हणेल कीं, वीज पेट्रोलपेक्षां स्वस्त आहे, तेव्हां वांचलेल्या इंधनांतून हें भरून निघेल. हाहि हिशेब करून पाहूं. लाइटनिंगला शंभर मैलांस सुमारें ४८ किलोवॅट-तास वीज लागते. अमेरिकन घरगुती विजेचा दर सोळासतरा सेंट धरला, तर खर्च आठ डॉलर होतो. गॅलनला वीस मैल चालणाऱ्या पेट्रोलच्या पिकअपला तेवढ्याच अंतरास पांच गॅलन लागतात. सव्वातीन डॉलरांच्या दरानें ते सोळा डॉलर झाले. म्हणजे शंभर मैलांमागें आठ डॉलर बचत. वर्षाला १२,००० मैल चालविणारास सुमारें एक हजार डॉलर वांचतील. बचत खरी आहे, पण दोन वर्षांत चोवीस हजार गमावलेल्या माणसाला ती पुरी पडणार नाहीं. आणि जो घरीं वीज न भरतां हमरस्त्यावरील जलद केंद्रांवर किलोवॅट-तासाला पंचेचाळीस-पन्नास सेंट देऊन भरतो, त्याचा खर्च तर पेट्रोलपेक्षांहि वर जातो.

मग ही गाडी घेणें शहाणपणाचें नाहीं काय ? याचें उत्तर, आपण कितवे मालक आहों यावर अवलंबून आहे. पहिल्या मालकाचा जो तोटा तीच दुसऱ्या मालकाची सवलत. पहिल्या दोनतीन वर्षांत किंमत उतरते ती गाडीच्या झिजेमुळें नव्हे, तर नव्या किंमती घसरल्यामुळें आणि गिऱ्हाइकें कमी असल्यामुळें, हें आपण पाहिलें. म्हणजे दुसऱ्या मालकाच्या हातीं जी गाडी येते ती भावानें निम्मी झालेली, पण कामानें जवळजवळ नवी असते. ज्याचें काम त्याच गांवांत, दिवसाला साठसत्तर मैलांच्या आंत आहे, ज्याला रात्रीं आपल्या अंगणांत वीज भरतां येते आणि ज्याला लांबवर ट्रेलर ओढावयाचा नाहीं, अशा नळकाम करणाऱ्या, वायरमन किंवा सुतार माणसास तिच्यासारखी सोयीची गाडी नाहीं. कांहीं लाइटनिंग गाड्यांतून ९.६ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर घेतां येते. तिच्यावर करवत चालते, वेल्डिंग होतें, वादळांत वीज गेली तर घरांतील दिवे आणि शीतकपाट चालूं शकतें. आणि इंधनांत वर्षाला वांचणारे एक हजार डॉलर या दुसऱ्या मालकाच्या हिशेबांत खरोखर जमेच्या बाजूस पडतात.

अशी वापरलेली गाडी घेणारानें चार गोष्टी पाहाव्या. पहिली, बॅटरीची सध्यांची शक्ति. ती तपासणी-यंत्रानें मोजून लेखी मागावी, केवळ दर्शनी आंकड्यावर विसंबूं नये. दुसरी, हमीची उरलेली मुदत. ती गाडी पहिल्या गिऱ्हाइकास दिल्या दिवसापासून मोजतात, आपण घेतल्या दिवसापासून नव्हे. तिसरी, कंपनीनें दुरुस्तीसाठीं परत बोलावलेल्या गाड्यांत ही आहे काय आणि असल्यास ती दुरुस्ती झाली आहे काय. मार्च २०२५ मध्यें सायबरट्रकच्या ४६,००० हून अधिक गाड्या बाहेरील पोलादी पट्टी सुटण्याच्या भीतीनें अशा बोलावण्यांत आल्या होत्या. चौथी, वीज भरण्याचें तोंड कोणत्या जातीचें आहे. २०२३ सालापासून अमेरिकन कंपन्या एकामागून एक टेस्लाच्या नमुन्याकडे वळल्या, त्यामुळें आधींच्या गाड्यांना तेथें वीज भरण्यास जोडतुकडा लागतो. शिवाय या गाड्या वजनानें तीन टनांच्या आसपास असतात. टायर लवकर झिजतात, तेवढे पैसे निराळे धरावे.

शेवटीं एक घटना. डिसेंबर २०२५ मध्यें फोर्ड कंपनीनें जाहीर केलें कीं, निव्वळ विजेवर चालणाऱ्या लाइटनिंगचें उत्पादन थांबवून, पुढील गाडींत विजेबरोबर पेट्रोलचें जनित्रहि बसवावयाचें. आणि आपल्या विजेच्या गाड्यांच्या एकंदर व्यवहाराबद्दल सुमारें १९.५ अब्ज डॉलरांचा बोजा हिशेबांत धरावयाचा. म्हणजे घसारा केवळ गिऱ्हाइकासच भोंवला असें नाहीं; गाडी घडविणाऱ्या कारखान्यासहि आपल्या यंत्रांची व योजनांची किंमत वहींतून खोडावी लागली. बंद पडलेल्या नमुन्याची किंमत दोन्ही दिशांनीं जाऊं शकते. सुटे भाग व दुरुस्ती मिळणार नाहीं, अशी शंका आली तर ती उतरते. तशी दुसरी गाडी मिळेनाशी झाली आणि तिचा उपयोग पटला तर ती स्थिरावते. यांतील कोणती बाजू वरचढ ठरते, हें कंपनी जुन्या मालकांची सेवा किती निष्ठेनें करते यावर ठरेल.

हा सारा इतिहास परदेशांतील आहे. पण विजेचीं मालवाहनें आपल्या रस्त्यांवरहि आलीं आहेत. टाटा कंपनीनें आपल्या 'एस' या लहान मालगाडीची विजेवरील आवृत्ति मे २०२२ मध्यें जाहीर केली, आणि आपल्या शहरांतून माल पोंचविणारीं विजेचीं तीनचाकी वाहनें तर रोज दिसतात. त्यांतील पुष्कळशीं कर्जावर घेतलेलीं असतात आणि त्यांवर एकेका कुटुंबाचा चरितार्थ चालतो. म्हणून अमेरिकन गिऱ्हाइकानें जो धडा पुष्कळ डॉलर देऊन घेतला, तो आपण फुकट घ्यावा हें बरें. नवें यंत्र जेथें वर्षावर्षाला सुधारत आणि स्वस्त होत असतें, तेथें पहिला खरेदीदार यंत्राबरोबर त्या सुधारणेचाहि खर्च देतो. तो द्यावयाची ऐपत व इच्छा असेल त्यानें अवश्य द्यावा. त्याच्यामुळेंच पुढच्यांस तें यंत्र स्वस्तांत मिळतें. पण ज्याचें पोट त्या गाडीवर आहे त्यानें कर्ज लहान ठेवावें, मुदत आंखूड ठेवावी, गाडी दीर्घकाळ वापरण्याच्या तयारीनेंच घ्यावी, आणि शक्य असेल तर दुसरा मालक होण्यांत कमीपणा मानूं नये. गाडी आपलें काम करीत आहे तोंवर बाजार तिला काय म्हणतो, हें तिच्या मालकानें रोज ऐकण्याचें कारण नाहीं.